भोपळेमामीची वेळ

भोपळेमामी नव्या माणसाकडे बघून आधी त्याला किती भोपळे लागतील ते ठरवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझा रंग, नाक, गळ्यातलं बघत होत्या. मामीने माझी हनुवटी वर केली, डोळ्यांत बघितलं आणि सासूबाईंना म्हणाली, "तीन भोपळ्यांची हाय." सगळ्या हसल्या. मला वाटलं माझ्या अंगाला हसल्या, पण मी तर तेव्हा काडीसारखी होते. रात्री नणंदेने सांगितलं की मामीचे भोपळे वजनावर नसतात, भीतीवर असतात. आळीतली सगळ्यांत जाड बाई, कासारीणकाकू, एका भोपळ्यावर पोहायला शिकली होती.

मामीच्या कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल होता. त्याचे भोपळे ती वाळवायची, देठाचं भोक मेणाने बुजवायची आणि पडवीच्या वाशाला टांगून ठेवायची. वारा आला की आतल्या बिया खुळखुळायच्या. उन्हाळा लागला की ते भोपळे दोरीने पोरींच्या पाठीला बांधून ती त्यांना नदीत सोडायची. पोरीच नाही, सुनासुद्धा. आमच्या आळीत सून आली की पहिल्या उन्हाळ्यात ती मामीच्या हाती जायची, आणि त्याला कुठली सासू नाही म्हणत नसे, कारण सासूही तिथूनच शिकलेली असायची.

आनंदवल्ली तेव्हा नाशिकपासून वेगळी होती. गंगापूर रस्त्याने शहर मागे पडलं की द्राक्षाचे आणि पेरूचे मळे लागायचे, मग आमचं गाव. गाव पेशव्यांच्या वेळचं. नदीवर उतरणाऱ्या पायऱ्या जुन्या, आणि आम्ही धुणं धुवायचो ते दगडही कुठल्यातरी पडलेल्या महालाचे. एका दगडावर कमळ कोरलेलं होतं, त्याच्यावर गोधड्या फार चांगल्या निघायच्या. नदीला गोदावरी कोणी म्हणत नसे, गंगाच म्हणायचे. खालच्या बंधाऱ्यामुळे वैशाखातही पाणी असायचं.

मला त्या पाण्याचं भय होतं. माझं माहेर सिन्नरच्या पलीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही भावंडं टँकरमागे धावलेलो, पाणी म्हणजे हंडा-दोन हंडे एवढंच आम्हाला माहीत. एवढं पाणी एका जागी, आणि तेही हलतंय, हे बघून मला गरगरायचं. मी वरच्या पायरीवर बसायचे आणि बादलीने पाणी ओढून धुणं धुवायचे. मुळात माझं तोंडही कमी उघडायचं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि या गावच्या बायका बोलायला पटाईत. त्यांच्यात काय बोलावं मला सुचायचं नाही.

चैत्रात मामी घरी आली आणि तिने आपलं जुनं लुगडं माझ्या अंगावर टाकलं. "हे नेस. गोल पातळात मासा बी बुडंल." कासोटा तिनेच घट्ट मारून दिला, पाठीला तीन भोपळे बांधले आणि हाताला धरून पाण्यात नेलं. घाबरू नको असं ती कोणालाच म्हणायची नाही. ती आपली घरचं विचारत राहायची.

"काल भाजी कशाची केली?"

"वांग्याची."

"मग सासू काय म्हणली?"

"तेल जास्त झालं म्हणाल्या."

"तिला तर हळदीच्या दिवशी पण तेल जास्त झालं होतं. नवऱ्यानं काय म्हणलं?"

"काही नाही म्हणाले."

"काय नाय म्हणला म्हंजे आवडली. कोणती वांगी, काटेरी का?"

काटेरी, असं मी म्हणाले आणि खाली पाय टेकवायला गेले तर खाली काही नव्हतं. मामीचा हातही नव्हता. ती चार हात लांब उभी राहून हसत होती. मी किंचाळले. लग्नानंतर माझा आवाज आळीने पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

मामीने हे सगळं का आरंभलं असेल याच्या गावात गोष्टी होत्या. कोणी म्हणायचं तिची बहीण पुरात गेली, कोणी म्हणायचं पहिली मुलगी गेली. एकदा ओल्या केसांनी पायरीवर बसलो असताना मी हिंमत करून विचारलं. मामीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिची बहीण बुडवली. "माझं कोण बी बुडालं नाय. मला पवायला आवडतं. एवढं कारण पुरं नाय का?" आणि ते खरंच होतं. पोरी दमून पायरीवर बसल्या की ती एकटी मधल्या पाण्यात जायची आणि उताणी पडायची, माळ्यावरच्या बाजेवर पडावं तशी. डोळे मिटलेले, लुगड्याचा पदर बाजूला तरंगतोय. मी दुसऱ्या कुठल्या बाईला दिवसाउजेडी अशी निवांत पडलेली बघितली नव्हती.

सकाळी उजाडल्यापासून खालच्या पायरीवर ऊन येईपर्यंत घाट बायकांचा असायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पाटी नव्हती. ते सगळं मामीच्या आवाजावर उभं होतं. कोणी बाप्या चुकून खाली यायला लागला की ती पाण्यातूनच ओरडायची, "कोणाची आई हरवली रं? ये खाली, वळखून घिऊन जा!" माणूस तिथूनच वळायचा. एकदा देवळाचे पुजारीबुवा घाईत आले, त्यांनाही हेच ऐकायला मिळालं. ते घागर पायरीवर ठेवून पळाले. मामीने ती भरून कासारीणकाकूच्या मुलीबरोबर देवळात पाठवली आणि निरोप दिला, "म्हणावं, सापडली नाय."

दुसऱ्या उन्हाळ्यात माझे तिनाचे दोन आणि दोनाचा एक भोपळा झाला. तिथे मी अडकले. पलीकडे जाऊन यायचे, खोल पाण्यात पाय मारायचे, पण तो शेवटचा भोपळा सोडायला माझं मन होईना. दोन मुलं झाली तरी भोपळा पाठीवर. बायका चिडवायच्या, "काय गं, तान्हं बांधून निघालीस का शेतावर?" मामी म्हणायची, "असू द्या की. पाठ तिची, भोपळा तिचा. तुमच्या पोटात दुखतं का?" तिने तो कधी सोडवायचा प्रयत्न केला नाही.

मग नाशिकची महानगरपालिका झाली आणि आम्ही घर न हलवता शहरात राहायला गेलो. रस्त्याला दिवे लागले. घराघरात नळ आले, त्याचा आनंद मलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण नळ आले तशा बायका घाटावर यायच्या कमी झाल्या. रविवारी शहरातली पोरं स्कूटरवर येऊ लागली, कोणी रेडिओ घेऊन, कोणी स्कूटरच धुवायला. आळीतले एक शिकलेले काका पारावर बसून म्हणाले, "आता घरात पाणी आलंय. बायकांची वेळ वगैरे बंद करा, शोभत नाही." मामी तिथूनच धुण्याची पाटी घेऊन चालली होती. "बरं का भाऊजी," ती म्हणाली, "नळाखाली पवून दाखवा. जमलं की त्याच दिवशी बंद करते." काका पेपरात तोंड घालून बसले.

पण मामीला दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी गार पाणी बंद केलं. एक उन्हाळा तिने पायरीवर बसून काढला. तोंड तेवढंच चालू, पण ओरडून झालं की खोकल्याची उबळ यायची. तेव्हाच तिच्या मुलाने नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, सिडकोत घर घेतलं आणि आईला न्यायचं ठरवलं. जायच्या आधी तिने मला बोलावलं. पडवीतले भोपळे खाली काढून ठेवले होते.

"हे घिऊन जा. आता तू बघ."

मला वाटलं, चेष्टा करते. मी म्हणाले, "मामी, माझ्या अजून पाठीला भोपळा आहे. आणि मला ओरडता येत नाही. कासारीणकाकूंना सांगा."

"तिला कधी भ्याच वाटलं नाय. ती पोरींना नुसती ढकलंल."

"पण माणसं खाली आली तर?"

"तर?" मामी म्हणाली. मग थोडा वेळ श्वास घेत राहिली. "वेळ एकदा गेली ना, तर परत कोण देणार नाय, बाई. हे ध्यानात ठेव."

तिला रिक्षात बसवलं तेव्हा सगळी आळी रडली. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका घोर लागला होता.

पुढच्या चैत्रात सात-आठ पोरी आल्या, माझी धाकटी धरून. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका रविवारी आम्ही पाण्यात असताना तिघंजण स्कूटर घेऊन पायऱ्यांपर्यंत आले आणि खाली उतरून बसले. एकाने साबण काढला. मोठ्या दोघी बाहेर निघायला लागल्या, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, हात छातीशी धरून. त्या तशा निघाल्या असत्या तर उद्या आल्या नसत्या. त्यांच्या आयांनी पाठवल्या नसत्या.

मी म्हणाले, "भाऊ, वर जा. ऊन पायरीवर आलं की या." ते मलाच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले.

त्यांच्यातला एक हसला. "घाट काय तुमच्या नावावर आहे का, ताई?"

मामीने काय उत्तर दिलं असतं ते मी पुष्कळ आठवलं, काही सुचेना. मग मी त्यांचा नादच सोडला आणि पोरींकडे वळले. "कोणी बाहेर यायचं नाही," मी म्हणाले, आणि हे मात्र पलीकडच्या काठापर्यंत गेलं. "गळ्यापर्यंत पाण्यात राहा. ते जाईपर्यंत."

आम्ही राहिलो. ऊन पायरीवर आलं, पायरी उतरून पाण्यावर आलं. पोरींची बोटं सुरकुतली, दात वाजायला लागले. मी एकेकीला विचारत होते, काल घरी भाजी कशाची होती, भाकरी कोणी थापल्या. वर तिघं बसून कंटाळले. स्वयंपाक खोळंबला म्हणून सासूबाई मला शोधत पायऱ्यांवर आल्या. त्यांनी खाली बघितलं, तिघांकडे बघितलं आणि त्यांच्या शेजारच्याच पायरीवर मांडी घालून बसल्या. मग कासारीणकाकू आली, तीही बसली. तिसरी बाई यायच्या आत स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारीच मी बसने सिडकोत गेले. मामी खाटेवर बसली होती, फार वाळली होती. मी सगळं सांगितलं. तिने ते तीनदा सांगायला लावलं, आणि सासूबाई मांडी घालून बसल्याचं ऐकून इतकी हसली की सुनेला पाणी आणावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि तू पवलीस का?"

"मी कुठे, मामी. पोरींना सांभाळत होते."

"आजचं सोड. या महिन्यात?"

मी नकाराची मान हलवली.

तेव्हा मामी माझ्यावर रागावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "मी ती वेळ दुसऱ्यांच्या पोरींसाठी राखली नव्हती. मला पवायचं होतं म्हणून राखली. पोरी मागनं आल्या. तू नुसती राखण करशील तर दोन वर्षांत कंटाळशील आणि सोडून देशील. उद्या आधी तू पव. मग त्या."

मामी त्या दिवाळीच्या आधी गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. बायकांची वेळ मात्र पुढे पुष्कळ उन्हाळे राहिली, पाणी घाण होऊन नदीत पाय घालवेना झालं तोपर्यंत.

पण सिडकोतून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या पोरींना पायरीवर ओळीने बसवलं आणि पाठीला माझा तो एक भोपळा बांधून एकटी पाण्यात गेले. मधल्या पाण्यात पोचल्यावर उताणी झाले. कानात पाणी गेलं, बाकी सगळं लांब गेलं. वर नुसतं आभाळ. पोरी ओरडत होत्या, "काकू, चला ना, आमचा नंबर कधी?" मला ऐकू येत होतं. मी त्यांना थांबू दिलं.