पेटीतले टी-शर्ट

नागपूरच्या त्या दुकानदाराचं नाव मी सांगणार नाही. विसरले म्हणून नव्हे, चांगलं पाठ आहे. पण या गोष्टीत त्याचं नाव आलं तर ते हर्षाच्या नावाशेजारी बसेल, आणि ते मला खपणार नाही.

मी प्रेमिला. भद्रावतीला बसस्टँडकडून बाजारात यायच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. आम्ही ढिवर, माझा नवरा तळ्यावर जाळं टाकतो. माझ्या दुकानाला लागून, एकाच टिनाखाली, हर्षा खोब्रागडेचं छपाईचं दुकान. मधे नुसत्या फळ्या. तिकडे ती शिंकली की इकडून मी ओरडायची, काढा घे म्हणून. ती माझ्याहून बरीच लहान, पण दुकानदारीत माझ्याहून शहाणी. उधारी मागणाऱ्याला ती अशी हसून नाही म्हणायची की तो आभार मानून जायचा. मला ते कधी जमलं नाही. मी नाही म्हटलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघतात.

दुकान तिच्या वडलांचं, लहानूभाऊंचं. छप्पन्न साली चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी ते बापाच्या खांद्यावर बसून गेले होते, आणि मरेपर्यंत ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आधी ते बॅनर रंगवायचे, मग स्क्रीन छपाईवर आले. ते गेल्यावर हर्षानं टी-शर्टचं काम वाढवलं. नागपूरहून छापील स्टिकर यायचे, ते गरम लोखंडाखाली दाबून कापडावर चिकटवायचे. त्यासाठीची मशीन मुखरू फिटरनं बनवून दिलेली. खाली लोखंडी पाट, वर झाकण, झाकणात विजेच्या शेगडीची कॉइल. मुखरूचा हात चांगला होता, पण त्या झाकणाचा एक कोपरा कायम थंड राहायचा. आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांनी हर्षाच्या मनगटांवर इतके चटके दिले होते की बांगड्या घालताना ती तोंड वाकडं करायची.

छपाई बिघडणं त्यामुळे रोजचंच. क्रिकेटवाल्यांचा टी-शर्ट बिघडला की हर्षा तो फाडून फडकी करायची आणि अर्धी मला द्यायची. माझ्या शिलाई मशीनचं तेल गेली कित्येक वर्षं नवयुवक क्रिकेट क्लबनं पुसलं आहे. पण बाबासाहेबांचा फोटो असलेला टी-शर्ट बिघडला तर त्याचं फडकं होत नव्हतं. तो कचऱ्यातही जात नव्हता, चुलीतही नाही. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तो दुकानातल्या लोखंडी पेटीत जायचा. लहानूभाऊंनी घालून दिलेली रीत. मी एकदा म्हटलं होतं, एवढी जागा अडवते ती पेटी. हर्षा म्हणाली, "अडवू द्या, प्रेमिलाबाई. ते बिघडले नाई, आपण बिघडवले." त्यानंतर मी त्या पेटीवर माझी कात्रीसुद्धा ठेवली नाही.

दर ऑक्टोबरात चांद्याला दीक्षाभूमीवर मेळा भरतो. तिथल्या स्वयंसेवकांचे टी-शर्ट हर्षा छापायची. पांढऱ्या कापडावर छातीशी बाबासाहेब. त्या साली मेळा होऊन गेला आणि काही दिवसांनी बापूजी दुकानात आले. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले म्हातारे, मेळ्यात पाणी वाटायचं काम करणारे. पिशवीतून त्यांनी टी-शर्ट काढला. एकदाच धुतलेला. बाबासाहेबांचा अर्धा चेहरा सुटून गेला होता. चष्म्याची एकच काच उरली होती.

"बाई," ते म्हणाले, "हा आता आंगात घालवत नाई, अन् टाकवतबी नाई. काय करू सांग."

रागावले असते तर बरं झालं असतं. हर्षानं तो टी-शर्ट दोन्ही हातांनी घेतला. "माह्यापाशी राहू द्या, बापूजी. पुढच्या मेळ्याले पुरा देतो तुमाले. आंगठ्यानं खरडून पाहा, निघनार नाई." त्या दिवशी तिनं मुखरूच्या मशीनची वायर काढून गुंडाळून ठेवली. दाबायची नवी मशीन, हीट प्रेस, आणल्याशिवाय बाबासाहेबांचा फोटो छापायचा नाही, असं तिनं मला सांगितलं. आणि पुढच्या मेळ्याचं काम तर तिनं शब्द देऊन घेतलेलं होतं.

पैसे जुळवण्यात पावसाळा आला, तेव्हा कुठे आम्ही दोघी एसटीनं नागपूरला गेलो. तिनं सोबत स्वतःचे दोन कोरे टी-शर्ट आणि बाबासाहेबांचे दोन स्टिकर घेतले होते. मशीन आपल्या कापडावर चालवून बघायची, मगच घ्यायची, हे तिचं ठरलेलं.

दुकानात शिरताच त्या माणसानं विचारलं, "भाऊ मागून येऊन राह्यले का?"

"कोणते भाऊ?" मी म्हटलं.

"म्हणजे मशीन बघायला कोणी जेन्ट्स असतील ना."

आम्हाला सोडायला आलेला ऑटोवाला दारात सुट्ट्यासाठी उभा होता. या शहाण्यानं काय करावं? त्याच्या हातात मशीनच्या माहितीचा चकचकीत कागद दिला आणि त्याला समजावायला लागला. ऑटोवाल्या बिचाऱ्यानं दोनदा मान हलवली, सुट्टे घेतले आणि निघून गेला. मशीन घेणारी समोर उभी, पैसे तिच्या पर्समध्ये, आणि माहिती ऑटोवाल्याला! माझं डोकं तिथेच तापलं होतं, पण हर्षानं माझा पदर खाली ओढला.

दुकानात दोन प्रकारच्या मशिनी होत्या. एकीचं झाकण जबड्यासारखं वर उघडायचं. दुसरीचं दाराच्या पल्ल्यासारखं बाजूला सरकायचं. हर्षाला दुसरी हवी होती. तिच्यात कापड मांडताना हात वरच्या गरम तव्याच्या खाली जात नव्हते, आणि तवा सगळीकडून सारखा खाली येत होता. दुकानदार मात्र जबड्यावरच अडला. "लेडीज लोकांना हीच बरी. घरच्या घरी, टाइमपास म्हणून."

"माहं दुकान हाये," हर्षा म्हणाली. "दुसरी लावून दाखवा."

त्यानं ती लावली. तवा तापला. हर्षानं टी-शर्ट मांडला, वर स्टिकर ठेवला. दाबायचा दांडा मात्र तो तिला धरू देईना. कानाला फोन लावून एका हातानं त्यानं दांडा दाबला. दाब वाढवायचा स्क्रू ढिला होता, तो त्यानं पाहिलाच नाही. मशीननं शिट्टी दिली, त्यानं स्टिकरचा कागद ओढला, आणि बाबासाहेबांचा एक खांदा कागदासोबत निघून आला.

"अरे, बिघडला," तो फोनमध्येच हसला. आणि मग त्यानं तो टी-शर्ट उचलला, त्याचा बोळा केला आणि तव्याला लागलेला जुना काळा गोंद त्या बोळ्यानं खसाखसा पुसायला लागला.

मला आधी कळलंच नाही मी काय बघते आहे. माझी नजर हर्षाकडे गेली. तिनं हात पुढे केला होता.

"द्या इकडं," ती म्हणाली.

"अहो मॅडम, खराब झाला तो. दुसरा मारू ना."

"द्या इकडं."

"एवढं काय त्यात? कपडाच आहे."

झालं. मग मात्र मी पदर कमरेला खोचला. त्याच्या काउंटरवर एक फोटो होता, ताजा हार घातलेला, कपाळावर कुंकू. "ते तुमचे वडील का?" मी विचारलं.

"हो."

"कागदच हाये ना तो बी? उतरवा खाली. माह्या चपलीले चिखल लागला हाये, पुसून घेतो."

"ओ बाई, तोंड सांभाळून बोला!"

"सांभाळूनच बोलून राह्यली. तुमाले बापाचं लागलं ना? लागलंच पाहिजे. मंग इचे ते कोन हायेत, ते काऊन नाई समजत तुमाले? नागपूरले दुकान लावून बसले, दरसाल एवढे लाखो लोक इथी येतात, कोनासाठी येतात ते दिसत नाई?"

दुकानातले दोन-तीन गिऱ्हाईक भिंतीकडे बघायला लागले. एवढे बाप्ये उभे होते, एकाच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांचाही राग मला अजून आहे. दुकानदारानं टी-शर्ट काउंटरवर टाकला. हर्षानं तो उचलला, झटकला आणि विचारलं, "नळ कुठी हाये?"

मागच्या बाजूला नळ होता. साबणाची वडी तिनं मागून घेतली. मला वाटलं, आता धुवेल आणि आम्ही निघू. पुष्कळ वेळ ती धूत राहिली. गोंदाचा काळा डाग फिका झाला, पण गेला नाही. ओला टी-शर्ट हातावर टाकून ती परत आली आणि मशीनपुढे उभी राहिली. "आता मी मारतो. तुमी बाजूले व्हा."

स्क्रू तिनं स्वतः आवळला. दुसरा टी-शर्ट मांडला, हातानं दोनदा सारखा केला. शिट्टी झाली. कागद हळूहळू सोलला. बाबासाहेब पुरे उतरले, चष्म्याच्या दोन्ही काचा, दोन्ही खांदे. तिनं कापड ताणलं, कोपरे नखानं खरडले. काही सुटलं नाही.

"हीच द्या," ती म्हणाली. "पण बसवाले तुमी सोता याल. मानूस पाठवाल तर मशीन वापस."

मला वाटलं माझे कानच खोटं बोलताहेत. त्या माणसाकडून मशीन घ्यायची? त्याच्या हातात पैसे द्यायचे? तिनं दिले, पावती घेतली, आणि मी एसटीत वाटेतल्या जांबपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसले. मग मात्र मला राहवेना. "तुह्या जागी मी असती तर त्याच्या मशीनवर थुकली बी नसती. तुले राग कसा नाई आला वं?"

खिडकीच्या गजावर तिनं तो टी-शर्ट वाळत धरला होता. "राग नाई आला? नळाखाली एवढा वेळ काय नुसता डागच धूत होती का, प्रेमिलाबाई? पण रिकाम्या हातानं गेली असती तर बापूजीले काय सांगतलं असतं? का दुकानदार चांगला नव्हता? त्यायले काय करायचं दुकानदाराशी? त्यायले पुरा फोटो पाहिजे." मग टी-शर्ट गजावर उलटा करत म्हणाली, "मी मशीन निवडाले गेली होती. त्याले नाई."

तिचं म्हणणं मला पटलं. राग मात्र तसाच राहिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात राहू शकतात.

तो आला. टेम्पोतून मशीन घेऊन, स्वतः. तवा बसवला, वायर जोडली, आणि नेमकी लाइट गेली. आमच्या जिल्ह्याच्या कोळशावर अख्ख्या महाराष्ट्रात दिवे लागतात आणि आमच्या दुकानात भर दुपारी अंधार, हा तर वेगळाच संताप. घामानं भिजून तो स्टुलावर बसला. हर्षानं त्याला पाणी दिलं, आणि पेटी उघडून आतले टी-शर्ट हवा द्यायला बाहेर काढू लागली. एकावर एक. कुणाचा कान गेलेला, कुणाची बाही कच्ची, एकाच काचेचा बापूजींचा. इस्त्रीच्या घड्या मोडल्या नव्हत्या.

"हे विकायचे आहेत?" त्यानं विचारलं.

"नाई. बिघडलेले हायेत."

"मग ठेवले काऊन?"

सगळ्यात शेवटी हर्षानं तो काळ्या डागाचा काढला आणि बाकीच्यांच्या वर ठेवला. त्यानं ओळखला. मी फळ्यांच्या फटीतून बघत होते. त्याची मान खाली गेली आणि तशीच राहिली.

लाइट आली. तव्यावर ग्रीस आणि रस्त्याची धूळ होती. "फडकं द्या जरा," असं म्हणून त्यानं सवयीनं हात पुढे केला, आणि तो हात अर्ध्यावरच थांबला. हर्षानं कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. त्यानं त्यातून एक कापड उचललं. दोन्ही हातांनी उलगडलं. समोरून पाहिलं, उलटून मागून पाहिलं. नवयुवक क्रिकेट क्लब. तरी त्याचा जीव धजेना.

"यानं पुसू?" त्यानं विचारलं.

"पुसा," हर्षा म्हणाली.

लोक मला म्हणतात, समजलं ना त्याला, आता सोडून द्या. काय सोडून द्या? कापड उलटून बघायला शिकण्यासाठी माणसाला नागपूरहून भद्रावतीला आणावं लागतं, तेही आपले पैसे मोजून? हर्षानं त्याला चहा पाजला. मी फळ्यांच्या अलीकडे माझी मशीन मुद्दाम जोरात चालवत बसले.

मेळ्याच्या आधी बापूजींनी नवा टी-शर्ट दुकानातच अंगात घातला आणि आंगठ्यानं खरडून पाहिला. त्यानंतर पेटीत एकही नवा टी-शर्ट गेलेला नाही. सगळ्यात वर अजून तोच आहे, नागपूरचा. दर ऑक्टोबरात हर्षा तो काढून धुते, उन्हात घालते, इस्त्री करून परत ठेवते. डाग गेलेला नाही.