डोक्यावरचं वजन

लग्न होऊन दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, त्या दिवशी श्रावस्ती सामान उघडायच्या आधी भिंती बघत फिरली. बुद्धभूषणला वाटलं, बायकोला रंग आवडलेला दिसत नाही.

"हे कपाट पलंगाला लागून कोणी ठेवलं?" तिनं विचारलं.

"जागा तेवढीच आहे ना."

"मग ते भिंतीला आवळून टाकू. आणि वरच्या बॅगा खाली."

"अगं, सरकारी भिंत आहे! भोक पाडलं तर क्वार्टर सोडताना भरपाई मागतील."

"मागू देत."

बुद्धभूषणनं पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तोच ऑफिसातून येताना मिस्त्रीला घेऊन आला. उमरग्याजवळच्या तिच्या गावात काय झालं होतं, ते त्याला ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची आई आणि धाकटी बहीण गेली. ती औरंगाबादला हॉस्टेलवर होती. वडील, रावसाहेब गुरुजी, एका तुळईच्या आडोशाला अडकले होते. हाताला लागलेली ताटली वाजवत राहिले, म्हणून लोकांना सापडले. पुढे घरं कशी बांधावीत हे सांगायला इंजिनिअर आले, तेव्हा श्रावस्ती त्यांच्याबरोबर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमधून हिंडली. ते हिंदीत सांगत, ती गावच्या बायकांना मराठीत समजावून सांगे. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं ओझं लादलेलं धाबं, यांनी माणसांचं काय केलं, हे तिला रोज आपल्या तोंडानं बोलावं लागलं.

दिल्लीत ती पलंगाखाली बूट आणि बॅटरी ठेवायची, उशाशी शिट्टी. शेजारच्या वैजयंतीताई हसायच्या, "काय गं, तू रेफरी आहेस का?" श्रावस्तीही हसायची आणि त्यांच्या शोकेसवरचा जड पितळी घोडा उचलून खाली ठेवायची.

तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती वर येत होत्या. तिथे एका निर्यात कंपनीत तिला अ‍ॅडमिनची नोकरी लागली. पानिपतहून सतरंज्या आणि चादरींचे गठ्ठे यायचे आणि छतापर्यंत गेलेल्या लोखंडी रॅकवर चढायचे. खाली टेबलांवर बायका पॅकिंग करायच्या. पहिल्याच आठवड्यात ती मालकांकडे, सेठीसाहेबांकडे गेली. रॅक भिंतीला जखडायचे, भारी गठ्ठे खालच्या फळीवर आणायचे, जिन्यातली खोकी काढायची.

"जगह कहाँ है, मैडम?" सेठीसाहेब म्हणाले. "आणि भूकंप इथे कुठे?"

श्रावस्तीनं त्यांना आईबद्दल सांगितलं. ऑफिसात ती हे पहिल्यांदाच बोलत होती. "धरणी हलली, तेवढ्यानं माझी आई गेली नसती, सर. डोक्यावर जे रचून ठेवलं होतं, त्यानं गेली."

सेठीसाहेबांनी चहा मागवला. रॅक महिनाअखेरीला जखडले गेले.

त्यानंतर ती अधूनमधून काम थांबवून शिट्टी वाजवायची. बायकांनी टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हलणं थांबलं की न पळता जिन्यानं उतरायचं. सगळ्यात जास्त खिदळायची ती संतोष, रेवाडीकडची धिप्पाड बाई. "मैडमजी, मेरे लायक टेबल तो बनवाओ!" श्रावस्तीनं खरंच एक टेबल रुंद करून घेतलं.

दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीला सुट्टी होती, पण माल जहाजावर चढायचा होता म्हणून पॅकिंग चालू होतं. कोपऱ्यात टीव्ही लावलेला. संचलन सुरू व्हायचं होतं. अचानक ट्यूबलाइट झोके घेऊ लागल्या, रॅक कुरकुरले.

श्रावस्तीच्या हातात शिट्टी होती. ती ओठांपर्यंत गेलीच नाही. कानात नुसता ताटलीचा आवाज. तो तिनं प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता, वडिलांच्या बोलण्यातूनच तिला माहीत होता.

"नीचे, मैडमजी!" संतोषनं तिचा दंड धरून तिला खाली ओढलं आणि आपल्या अंगाखाली घेतलं. "सर ढको, सब सर ढको!"

हलणं थांबलं. गठ्ठे जागच्या जागी होते. बायका एकीमागून एक उतरल्या, संतोष सर्वांत शेवटी, श्रावस्तीचा हात धरून. समोरच्या इमारतीत मात्र जिन्यात चेंगराचेंगरी झाली होती. एका मुलाचा पाय मोडला होता.

आवारात श्रावस्ती रडली. "इतकं शिकवून मीच उभी राहिले," ती म्हणाली.

"तो क्या हुआ," संतोष म्हणाली, "हमें तो आ गया ना."

संध्याकाळी टीव्हीवर कोसळलेलं भुज दिसू लागलं. रावसाहेबांचा गावच्या बूथवरून फोन आला. ते म्हणाले, "तुझ्याकडच्या बायका बऱ्या आहेत ना?"

"सगळ्या, बाबा."

"मग झालं तर."

पुढच्याच आठवड्यात सेठीसाहेबांनी तिला पानिपतच्या गोदामात तेच सगळं करायला पाठवलं. ती संतोषला सोबत घेऊन गेली. तिथल्या विणकर बायका अंग चोरून, पदराआडून बघत उभ्या होत्या. श्रावस्ती बोलायला उठली, मग थांबली आणि मागे सरून बसली. संतोष पुढे झाली. आपल्या ठसकेबाज हरियाणवीत तिनं काहीतरी म्हटलं, सगळ्या खदखदून हसल्या, आणि हसता हसता टेबलाखाली शिरल्या.