अकरा नंबरचा माग

माझ्या धाकट्या भावाला सगळे शेवट्या म्हणतात. हे नाव आमच्या वडिलांनी ठेवलेलं. ते लाकडाच्या वखारीत कामाला होते, आणि बोलायला एकदम तिखट. चार भावंडांत हा शेवटचा, ताटावर यायला शेवटचा, शाळेतून परतायला शेवटचा. लग्नाचं तर विचारूच नका, त्या रांगेत तो उभाच राहिला नाही. आणि मोठा झाल्यावर पठ्ठ्यानं कामही असं शोधलं की ज्यात शेवटी राहणं हेच काम.

तळ्यांच्या जंगलात शिरायचं जे लोखंडी फाटक आहे, त्याच्या अलीकडे आमचं दुकान. पुढे भाड्याच्या सायकली, मागे त्याची दुरुस्तीची खोली, बाजूला माझं चहाचं टेबल आणि वर मुक्कामाला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या. फाटकाच्या आत पाच तळी आहेत. पहिल्या तळ्यापर्यंत जायचा-यायचा रस्ता एकच, मग तो फुटतो आणि सगळ्या तळ्यांना वळसा घालून परत तिथंच येऊन मिळतो. साठ किलोमीटर, सगळी बारीक खडी, डांबराचा थेंब नाही. जाड टायरच्या आणि वाकड्या हँडलच्या ज्या सायकली लागतात त्यांना शहरातली माणसं ग्रॅव्हल बाईक म्हणतात. आम्ही आपले सायकलच म्हणतो.

सकाळी माणसं आत जातात आणि तीन तासांनी शेवट्या निघतो. सगळ्यांच्या मागून. कुणाची चेन तुटलेली, कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत बसलेलं, त्या सगळ्यांना गोळा करत तो संध्याकाळी बाहेर येतो आणि फाटकाला कुलूप लावतो. कुलूप लागलं म्हणजे आत कुणी नाही. मग कुणी शोधायलाही जात नाही. त्यामुळे त्या कुलपाचं त्याला फार. चहा गार झाला तरी चालेल, पण खाली वाकून माग बघितल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही.

माग म्हणजे टायरचा ठसा. मागच्या टायरवरच्या रबरी उंचवट्यांना त्यानं चाकूनं खुणा केल्या होत्या, प्रत्येक सायकलीला वेगळ्या. चारला दोन खाचा, सातला तिरकी, अकराला एक लांब आणि एक आखूड. शिवाय त्या टायरची नक्षी बाणासारखी असते, त्यामुळे सायकल आत गेली की बाहेर आली हेही कळतं. लोक पेपर वाचतात तसा हा जमीन वाचायचा. मी चिडवायचे, की अरे, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर साहेब झाला असतास.

आठ वर्षांपूर्वी एक शिक्षिका आली. एकटीच, तिशीची, चष्मा, बोलणं मोजकं. सायकल दोन दिवसांसाठी हवी होती. जंगल बघून ती परस्पर गावातल्या लॉजवर जाणार होती आणि सायकल दुसऱ्या दिवशी आणून देणार होती. अकरा नंबर तिला दिली. त्या दिवशी धुकं असं होतं की टेबलावरून फाटक दिसत नव्हतं. शेवट्या मागून गेला, घंटा वाजवत सगळा वळसा फिरला, त्याला कुणी भेटलं नाही. फाटकाशी येऊन त्यानं माग पाहिले. अकराचा माग बाहेर आलेला होता. त्यानं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, पोरगी लॉजवर पोचलीच नाही. पोलीस आले. शेवट्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, बाई बाहेर आल्या, मी माग स्वतः बघितलाय. त्याचा शब्द म्हणजे शब्द. सगळे बाहेर शोधत राहिले, बस स्टँड, दवाखाने, हमरस्ता. तिसऱ्या दिवशी धुकं उठल्यावर मासे धरणाऱ्या एका माणसाला तिसऱ्या तळ्याकाठी, वाटेपासून बरीच आत, सायकल दिसली. झाडाला टेकवून ठेवलेली. लांबून दिसावी म्हणून ओढणी उंच फांदीला बांधलेली. खाली गवत बसून बसून दबलेलं आणि बिस्किटांचे कागद घडी करून दगडाखाली ठेवलेले. ती मात्र नव्हती. पाणबुडे उतरले, कुत्री आणली. काही म्हणजे काही सापडलं नाही.

मग लोकांच्या तोंडाला काय कुलूप असतं? बाई बाहेर आली होती, तळ्यानं तिला परत बोलावलं, अशी आवई उठली. ती ऐकून आणखी माणसं सायकली न्यायला यायला लागली.

पोलिसांनी सायकल परत दिली त्या सकाळी शेवट्यानं ती स्टँडवर चढवली, मागचं चाक फिरवलं आणि मला हाक मारली. टायर उलटा बसवलेला होता. ती शिक्षिका यायच्या आदल्या संध्याकाळी पंक्चर काढून घाईघाईत त्यानंच बसवला होता. घाई का, तर मी जेवायला हाका मारत होते. टायर उलटा म्हणजे माग उलटा. ती आत गेल्याचा माग त्यानं बाहेर आल्याचा वाचला होता. पोरगी आत, आणि बाहेरून ह्यानं कुलूप घातलेलं.

तो तसाच पोलिसांकडे निघाला होता. मी त्याच्या शर्टाला धरून मागे ओढलं. म्हटलं, आता सांगून ती परत येणार आहे का? दुकान जाईल, तू तुरुंगात जाशील, मी काय करू? खरं सांगते, मी घाबरले होते. माझ्या भीतीपुढे त्याचं काही चाललं नाही. आयुष्यभर त्यानं माझं ऐकलं, तेव्हाही ऐकलं. तो टायर त्यानं तुकडे करून जाळला, आणि त्या दिवसापासून त्याचं हसणं बंद झालं.

तिची आई दर वर्षी त्याच तारखांना यायची. आम्ही मावशी म्हणायचो. वरच्या खोलीत उतरायची, सकाळी माझ्याकडे चहा प्यायची आणि पोरीचा फोटो घेऊन बाहेर पडायची. तळ्याकडे कधी फिरकली नाही. माझी मुलगी बाहेर आली होती, तुमच्या भावानं माग बघितलाय, कुणीतरी तिला नेलं आणि सायकल आत टाकली, असं ती म्हणायची. आजूबाजूच्या सगळ्या गावांतले रिक्षावाले तिला ओळखायला लागले होते. मी तिच्या कपात साखर घालायचे आणि मनाशी म्हणायचे, आशेवर जगतेय बिचारी, जगू दे.

दोन वर्षांपूर्वी शेवट्या मला म्हणाला, ताई, धुक्याच्या दिवशी अकराचा माग दिसतो. मी म्हटलं, डोंबल तुझं. अकरा नंबर आपण ठेवलेलाच नाही, टायर जळून राख झाला, डोळे तपासून घे. पण तो ऐकेना, तेव्हा एका सकाळी त्याचा भ्रम काढायला मीच त्याच्याबरोबर आत गेले. फाटक त्यानं माझ्यादेखत उघडलं. आमच्या आधी कुणी गेलेलं नव्हतं.

खडी दवानं ओली होती. फाटकाच्या आतल्या बाजूला एकच माग होता. लांब खाच, आखूड खाच. ताजा, कडेची माती अजून ढासळत होती. आम्ही त्याच्या कडेकडेनं पहिल्या तळ्यापर्यंत चालत गेलो. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसतं काठाशी चुबुक चुबुक ऐकू येत होतं. माग पुढे तिसऱ्या तळ्याकडे गेला होता. की तिकडून आला होता? बाण फाटकाकडे रोखलेले होते, आणि फाटकाच्या बाहेर एक रेघ नव्हती.

"ती रोज फाटकापर्यंत येते, ताई," तो म्हणाला. "कुलूप बघते."

"टायर उलटा होता ना? मग ती आत जातेय," मी म्हटलं. काय बोलून बसले ते मला मागून कळलं. त्यालाही सांगता येईना, ती जातेय की येतेय.

त्यानंतर तो अर्धाच राहिला. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. सगळी माणसं बाहेर आली तरी किल्ली हातात धरून फाटकाशी उभा असायचा. मला रोज वाटायचं, एक दिवस हा आत जाईल आणि येणारच नाही.

ह्या वर्षी मावशी आली ती काठी घेऊनच. म्हणाली, आता गुडघे साथ देत नाहीत. पण खालच्या शहरात एक बाई दिसली म्हणतात, तशाच चष्म्याची. घर विकून तिथंच खोली घेते, सापडेपर्यंत राहते. मी किटली उचलली होती ती तशीच धरून राहिले. दुरुस्तीच्या खोलीतून शेवट्या हात पुसत बाहेर आला. मी मानेनं नको नको म्हणत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. पंक्चर, टायर, बाण, कुलूप. एक अक्षर गाळलं नाही, फक्त मी त्याला गप्प बसवलं ते सोडून.

"त्या बाहेर आल्याच नव्हत्या, मावशी," तो म्हणाला. "मी चुकलो. तुम्ही आठ वर्षं चुकीच्या जागी शोधताय."

मी म्हटलं, मलाही माहीत होतं. मीच त्याला बोलू दिलं नाही.

मावशी रडली नाही. मला वाटलं शिव्या देईल, काठी उगारेल. देवाशपथ, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फोटो पदरानं पुसला, टेबलावर ठेवला आणि फाटकाकडे पाहिलं. आत धुकं विरायला लागलं होतं. मग तिनं मला विचारलं, "ती निघाली तेव्हा तुम्ही होतात ना इथं? तिला काय सांगितलंत?"

जे सगळ्यांना सांगते तेच. हजारदा सांगितलेलं, पाठ झालेलं.

"म्हटलं, वाट चुकली, पडलीस, काही झालं तरी जागची हलू नकोस. कितीही वेळ लागू दे. माझा भाऊ मागून येतोच."

मावशीनं मान हलवली. "मग हलली नसेल," ती म्हणाली. "लहानपणापासून तशीच होती. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायची."