हाडवैद्यीण फौझियामावशी

आमच्या पॅलेस्टिनी छावणीत हाड मोडलं की डॉक्टरच्या आधी फौझियामावशीचं नाव निघायचं. शेजारच्या अक्कार भागातल्या खेड्यांतले लेबनानीसुद्धा पोरं घेऊन तिच्या दारात यायचे. त्यांच्यातलाच हैसम लहानपणी ऑलिव्हच्या झाडावरून पडला, तेव्हा त्याचा हात तिनंच बसवला. पुढे तो लेबनानच्या लष्करात गेला, तरी सुट्टीत तिच्याकडे मसूरभात चापायला हजर. "घरी उपाशी ठेवतात काय रे तुला?" ती विचारायची.

त्या वर्षी कुठूनकुठून आलेले बंदूकवाले छावणीत भाड्यानं राहिले. आम्ही नाकं मुरडली, पण हाकललं नाही. चुकलंच आमचं. मे महिन्यात त्यांनी नाक्यावरचे सैनिक मारले, आणि लष्कराच्या तोफा आमच्या घरांवर वळल्या.

तिसऱ्या दिवशी गोळीबार थांबला, तसे आम्ही पांढरी फडकी धरून बाहेर पडलो. नाक्यावर हैसम दिसला आणि मावशीचा जीव भांड्यात पडला. आपल्या एकुलत्या मुलाचा, रिबहीचा हात तिनं आपणहून त्याच्या हातात दिला.

"तुझा भाऊ आहे. जप."

"पाच मिनिटं, मावशी. दोन प्रश्न विचारून सोडतो."

पाच मिनिटांचे एक्केचाळीस दिवस झाले. आम्ही दुसऱ्या छावणीतल्या शाळेच्या वर्गांत दाटीवाटीनं राहत होतो. मावशी रोज फाटकाशी बसायची. रिबही आला तो उजवं मनगट मोडून वाकडं जुळलेलं घेऊन. गवंडीकाम संपलं त्याचं. मनगट कुणी मोडलं ते सांगेना. "हैसम कोठडीच्या दारात होता. खाली बघत होता," एवढंच म्हणाला.

आठवड्यानं हैसमची आई आली. रिबहीनं कॉफी दिली, डाव्या हातानं. तिनं कप खाली ठेवला. आमच्यात मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा घोट घेत नाही.

"ताई, पोरगा झोपत नाही गं माझा. वरून हुकूम होता त्याला. माफ केलं, एवढं म्हण."

मावशीची नजर रिबहीच्या वाकड्या मनगटावर गेली.

"तू बसव ना रिबहीचा हात. तुझ्यासारखं कुणाला जमतं?"

"बसवायला आधी पुन्हा मोडावा लागतो," मावशी म्हणाली. "लोकांच्या पोरांचे मोडले, बसवले. ह्याच्या किंकाळ्या तिकडे ऐकल्यात तुझ्या मुलानं. मला नाही ऐकवणार."

ती बाई रडू लागली. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

मावशी उठली, त्या बाईच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या.

"मुलाला सांग," ती म्हणाली, "कॉफी तशीच ठेवून आले."