मेंढ्या बसल्या त्या जागेचा गहू

टोपलीतल्या निम्म्या मिरच्यांची देठं खुडून झाली होती, तेवढ्यात रुचिका वावरातून आली आणि पाय न धुताच ओट्यावर बसली. सुनेचं तोंड पाहून शीलाचा हात थांबला.

लग्न झालं तेव्हा रुचिकाचं शेतकीचं वरचं शिक्षण अर्धवट होतं. सासरे दोधूआप्पा आपणहून म्हणाले होते, पुरं कर पोरी. प्रयोगासाठी गावाजवळचं वावरही त्यांनीच दिलं. रुचिकाने त्याचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात क्रम बदलून गव्हाच्या त्याच तीन जाती पेरल्या. जमीन एका बांधाआड दोन तऱ्हांची असते, म्हणून एकाच जागेवरून जातीची पारख करायची नाही, हे तिनेच चहा पिता पिता सासूला समजावलं होतं.

आता एकाच पट्ट्यात एक जात काळीभोर उठली होती आणि तिच्या शेजारची पिवळी पडली होती. पुढच्या पट्ट्यात नेमकं उलटं. रुचिकाला वाटत होतं, खत टाकताना आपणच घोळ केला. उद्या तिचे सर पाहणीला येणार होते. त्यांना सांगून प्रयोग मोडायचा, असं ती म्हणाली. उन्हाळ्यात ती नवऱ्याकडे, हेमकांतकडे सुरतेला जायची होती. हा गहू गेला की शिक्षणही गेलं.

“मन्हाच हात चुकना, आई,” ती म्हणाली.

हात कुणाचा चुकला, ते शीलाला ठाऊक होतं.

दिवाळीला रुचिका माहेरी गेली, तेव्हा पेरणीआधी आप्पांनी धुडकू ठेलाऱ्याला, फिरत्या मेंढपाळाला, बोलावून त्या मोकळ्या वावरात मेंढ्या बसवल्या. रातभर मेंढ्या बसल्या की लेंडी-मुताने जमीन कस धरते, हे गावात पोरसोरही सांगेल. शीलाने स्वतः ठेलाऱ्याला भाकरी पाठवली होती, देवीपुढे दिवा लावून पोरीच्या गव्हाला बरकत मागितली होती. आप्पा हसून म्हणाले होते, तिला सांगू नको, गहूच सांगेल.

आता आप्पा खाटेवर बसून जानव्याशी चाळा करत होते. त्यांनी शीलाकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको म्हणून.

नवऱ्याचा शब्द शीलाने आजवर मोडला नव्हता. पण पोर खोटा दोष आपल्या माथी घेत होती, आणि ते ऐकत बसणं देवालाही रुचलं नसतं. खाली मान घालून शीलाने सगळं सांगून टाकलं.

रुचिका म्हणाली, “आते मी जातनं कवतिक करू का मेंढरंसनं?”

आप्पांनी तोंड फिरवलं. “तुन्हा गहू सगळासना पुढे निंघाले पाह्यजे व्हता, पोरी.”

“आप्पा, गहू पुढे निंघाना. पन कोन्ता, ते कसं समजी?”

रुचिका उठून आत गेली, तोंडावर पाणी मारून परत आली. आता तिचं डोकं चालू लागलं होतं. मेंढ्या सगळ्या वावरात बसल्या होत्या का, तिने विचारलं. आप्पा म्हणाले, छे, मेंढ्या थोड्या होत्या, त्यांना कोंडायची जाळी एका अंगाला लावली असेल. कोणत्या अंगाला? ते आप्पांनी पाहिलं नव्हतं. धुडकूवर सोडून ते घरी आले होते.

जाळी कुठून कुठवर होती हे नक्की कळलं, तर तेवढे तुकडे वगळून बाकीच्यांची तुलना करता येईल, रुचिका म्हणाली. सर रागावतील, पण ऐकतील. अंदाजाने रेघ ओढली तर मात्र सगळंच खोटं.

आप्पांनी धुडकूला फोन लावला. लागला नाही. तो सध्या प्रकाशा गावाला, तापीच्या काठी मेंढ्या घेऊन उतरलाय, एवढंच त्यांना माहीत होतं. आणि ठेलाऱ्याचा काय भरवसा, आज इथे तर उद्या पलीकडे.

शीलाने मिरच्यांवर फडकं टाकलं, चपला घातल्या. आप्पा मी येतो म्हणाले, तर ती म्हणाली, तुम्ही पोरीजवळ बसा.

शीला प्रकाशाला धुडकूकडे निघाली, जाळी कुठे लावली होती ते विचारायला.