डाव्या हाताचं कुंकू

सरूआत्याचा जगात एकाही माणसावर विश्वास नव्हता.

माझ्यावरसुद्धा नाही. आणि हे ती तोंडावर सांगायची.

आज तिचा स्मृतिदिन. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा फोटो आहे, त्याला हार घातला आणि लिहायला बसले.

सरूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यावर आमच्याकडेच राहायला आली. माझं सगळं लहानपण तिच्या संशयाखाली गेलं.

शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तरी ती गेल्यावर आत्या विचारणार, "खरंच संपली आसंल व्हय हिची साखर?"

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा इंटरव्ह्यू पाहुण्यांचाच झाला. चहा होईपर्यंत बिचारे घामाघूम.

आम्ही हसायचो. मग एका वर्षी माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती, तेव्हा तिनं आपणहून सगळं सांगितलं.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली, एकोणीसशे तीसनंतरची. आत्या तेव्हा विशीतली, सोलापुरातल्या एका कापड मिलमध्ये वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती.

काम एकच. सूत तुटलं की पकडायचं, अंगठा आणि बोटात पिळायचं, गाठ मारायची. पुन्हा तुटलं, पुन्हा गाठ. दिवसभर, उजव्या हातानं.

काही वर्षांत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. मग मनगट सुजलं. मग अंगठा वळेनासाच झाला. हात मंदावला तसं तिला कामावरून कमी केलं.

युनियनच्या एका मास्तरांनी तिच्यासाठी नुकसानभरपाई मागितली. ऑफिसात क्लार्कनं विचारलं,

"अपघात कुठल्या दिवशी झाला?"

"एका दिवशी न्हाय झाला. रोज झाला."

"मशीननं हात ओढला का?"

"न्हाय. गाठी मारून मारून गेला."

"मग कायद्यात बसत नाही, बाई."

मास्तर हटून बसले. शेवटी मिलचा साहेब म्हणाला, कायद्यात नसलं तरी काहीतरी देऊ, पण हात खरंच गेलाय का याची आधी खात्री करू.

खात्री कशी करणार, ते कुणी सांगितलं नाही.

आत्याला भरपाई हवीच होती. घरात आता एकट्या यजमानांचा पगार. पण त्याहून जास्त तिला ‘सरू ढोंगी हाय’ हे बोलणं बंद व्हायला हवं होतं. अख्ख्या खात्यात तेच चाललं होतं.

त्या संक्रांतीला तिनं चाळीतल्या खोलीत हळदीकुंकू केलं. आणि चक्क जॉबरची बायको आली!

जॉबर म्हणजे खात्यात बायकांना कामावर घेणारा आणि काढणारा माणूस. त्याच्या बायकोला सगळ्या अक्का म्हणायच्या. ती चाळीत कुणाच्या दारात कधी उभी राहिली नव्हती.

आत्या हरखून गेली. वेडी कुठली.

आता कुंकू लावायचं ते उजव्याच हातानं. सवाशिणीला डाव्या हातानं कुंकू लावणं म्हणजे तिच्या नवऱ्याचं वाईट चिंतणं. आत्यानं दात आवळून हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली. नारळ उचलताना तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी ती हसत राहिली.

अक्कानं विचारलं, "लई दुकतंय का गं हात?"

"न्हाय वो अक्का. तुमी आला, लई बरं वाटलं."

सणाच्या दिवशी पाहुणीपुढं कोण रडगाणं गाणार? मीसुद्धा हेच म्हणाले असते.

थोड्याच दिवसांत ऑफिसातून बोलावणं आलं. क्लार्क म्हणाला, "कुंकू लावता येतं, नारळ उचलता येतो. दुखत नाही हेही तुम्हीच म्हणालात. मग गाठच तेवढी मारता येत नाही का?"

भरपाई नाही. काम नाही. मास्तरसुद्धा आत्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

"त्येचं मला लई लागलं, मंगल," आत्या म्हणाली.

मी विचारलं, "पण अक्काला मुद्दाम पाठवलं होतं कशावरून? सहज आली असेल. घरी सहज नवऱ्याशी बोलली असेल."

"मला बी तसंच वाटायचं. वरीसभर मनाला तेच सांगत हुते."

पुढच्या संक्रांतीला अक्का पुन्हा आली.

आत्यानं पाट मांडला, बसवलं. आणि डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवून तिच्यासमोर धरलं.

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरी कुणी असती तर ताडकन उठली असती, चाळ डोक्यावर घेतली असती.

अक्का उठली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कपाळ पुढं केलं.

"तवा कळलं," आत्या म्हणाली. "तिला धाडलीच हुती."

मला त्या अक्काचीच दया आली. मी म्हटलं, "आत्या, तिला पश्चात्ताप झाला असेल गं. म्हणून तर घेतलं ना कुंकू?"

आत्या शांतपणे म्हणाली, "आसंल की. मग हापिसात जाऊन खरं सांगायचं. चाळीच्या खोलीत माज्याफुडं कपाळ करून काय उपेग?"



तिच्या बाजूनं चार लोकांत एवढं एक वाक्य कुणीच बोललं नाही, आणि ती तशीच गेली. याचा मला फार राग येतो.

म्हणून आज इथं, सगळ्यांसमोर लिहिते.

माझ्या आत्याचा उजवा हात मिलच्या कामानं गेला. मी तो रोज पाहिलाय. ती खोटं बोलत नव्हती.

आत्या, नमस्कार करते.