कुप्यांची सरासरी

रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत अंतर्गत लेखापरीक्षण पथकाची मी प्रमुख होते. पथक म्हणजे मी आणि हाताखालचे दोन लेखापरीक्षक. महिन्यातले पंधरा दिवस एसटीने फिरून शाळा, गोदामं, दवाखाने तपासायचे आणि उरलेल्या पंधरा दिवसांत अहवाल लिहायचे. दौऱ्यावर निघताना मी दोन याद्या करत असे, एक सामानाची आणि एक तपासायच्या बाबींची. सामानाच्या यादीत पहिला जेवणाचा डबा, कारण ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्या घरी जेवायचं नाही हा माझा नियम होता. लोक मला कडक म्हणत. मला ते आवडायचं.

एका वर्षी जानेवारीत गुहागरच्या वाटेवरचं एक सरकारी आरोग्य केंद्र तपासायला आलं. कौलारू इमारत, मागे उघडा कातळ. औषधांचा साठा मोजताना फ्रीजमध्ये सर्पदंशाच्या लशीच्या तीस कुप्या मिळाल्या. त्यातल्या अठरांची मुदत संपलेली होती. साठ्याच्या नोंदवहीप्रमाणे गेल्या तीन वर्षांत मिळून चोवीस कुप्या वापरल्या होत्या. वर्षाला आठ, तिमाहीला दोन. गणित सरळ होतं. मी आक्षेप लिहिला की साठा वापरापेक्षा जादा आहे, औषध वाया गेलं आहे, यापुढे मागणी तीन वर्षांच्या सरासरीने करावी आणि एका वेळी दोनच कुप्या ठेवाव्यात.

आमचा आक्षेपाचा कागद मधोमध दुमडलेला असे. डाव्या बाजूला आम्ही लिहायचं, उजव्या बाजूला त्यांनी खुलासा द्यायचा. तिथला डॉक्टर तिशीतला, देशावरून आलेला. त्याने उजव्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: फुरसं चावलेल्या एकाच रुग्णाला दहा कुप्याही लागू शकतात, गवतकापणीच्या दोन महिन्यांतच बहुतेक दंश होतात, साठा कमी करणं धोक्याचं आहे.

मी विचारलं, "एका माणसाला दहा दिल्याची नोंद दाखवा."

"केसपेपरवर होती. मागच्या पावसात छप्पर गळून ते भिजले."

"मग साठ्याच्या वहीत रुग्णाचं नाव का नाही?"

"त्या वहीत नावाचा रकानाच नाही, बाई."

तिथला कंपाउंडर पन्नाशीचा, गावातलाच. तो मागून म्हणाला, "फुरसं काय तिमाही बघून चावतं?" सगळे हसले. मीही हसले. मग खुलाशाखाली लिहिलं, 'पुराव्याअभावी अमान्य', आणि सही केली. फुरसं म्हणजे काय हे मला माहीत होतं. रत्नागिरीत वाढलेल्या कोणाला माहीत नसतं? पण एक कुपी म्हणजे एक माणूस, असंच मी धरून चालले होते. कोणालाही विचारलं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. माझ्या आक्षेपाचं अनुपालन इतकं नीटनेटकं होतं की मी ते माझ्या दोघांना वाचून दाखवलं. फ्रीजमध्ये कुप्या दोन, मुदत संपलेली एकही नाही. मी कंपाउंडरला म्हटलं, "हे कसं छान झालं."

तो म्हणाला, "दिवाळीआधी एक बाई आली होती."

ती कातळावर गवत कापत होती. नवरा मुंबईला, घरी सासू आणि दोन मुली. मनगटाला फुरसं चावलं. एरवी गावातले लोक आधी विष उतरवणाऱ्या जाणत्याकडे जात. हा डॉक्टर दोन वर्षं वाडीवाडीत जाऊन सांगत होता, आधी माझ्याकडे या. ही त्याचं ऐकून थेट केंद्रात आलेली पहिलीच. अर्ध्या तासात आली. त्याने होत्या त्या दोन्ही कुप्या दिल्या. जीप तालुक्याला गेलेली, ती परत येईपर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. रत्नागिरीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर ओपीडी संपवून आला. तो म्हणाला, "तुमच्यावर राग काढून काय करू? गवत पुन्हा वाढणार आहे. त्याच्या आत मला निदान वीस कुप्या मिळवून द्या."

मी परत येऊन यादी केली. कोणाकोणाला भेटायचं, कोणता कागद लागेल, कोणत्या तारखेपर्यंत. पहिले आमचे साहेब.

"बाई, अनुपालन मान्य झालेला मुद्दा पुन्हा उघडायचा कोणत्या नियमाने? आणि तुम्ही सुचवलं होतं, हुकूम दिला नव्हता. डॉक्टरने डोकं चालवायला हवं होतं."

"चालवलं होतं, साहेब. मी अमान्य केलं."

"मग आता ते बोलून दाखवू नका."

मी औषध पुरवठ्याच्या कक्षात गेले. तिथल्या कारकुनाने एक परिपत्रक समोर ठेवलं. सगळ्या केंद्रांनी लशीची मागणी तीन वर्षांच्या सरासरीने करावी. तो कौतुकाने म्हणाला, "तुमच्याच मुद्द्यावरून काढलंय." त्याने त्या केंद्राचं पान उघडलं. सरत्या वर्षाचा वापर दोन. सरासरी आठवरून सहावर आलेली.

"दोनच वापरल्या, कारण दोनच होत्या," मी म्हटलं.

"ते खरं, पण मी इथे काय लिहू?"

मी टिपण लिहिलं, त्याची स्मरणपत्रं लिहिली. मृत बाईच्या केसपेपरची नक्कल जोडली. शेरा आला, 'रुग्णास उपलब्ध लस दिल्याचे दिसते'. एवढ्या खटपटीतून एक गोष्ट मंजूर झाली. साठ्याच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावाचा रकाना. सप्टेंबर संपला, गवत पिवळं पडायला लागलं, वीस कुप्या मिळाल्या नाहीत. यादीतल्या प्रत्येक नावापुढे मी खूण केली होती, म्हणजे भेट झाली होती.

त्याच सुमारास डॉक्टरची बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे, त्याची तीन वर्षं भरली होती. जाण्यापूर्वी तो कचेरीत आला. "मिळाल्या?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तो खुर्चीवर बसलाही नाही.

त्या मोसमात मी रोज पेपरात आतलं पान बघायचे. साप चावून गेलेल्यांची बातमी पेपरात येत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी बघायचे.

जानेवारीत केंद्राची पाळी पुन्हा आली. मी नुसत्या माझ्या दोघा लेखापरीक्षकांना पाठवू शकले असते. मीच गेले. डॉक्टर नवा होता, कंपाउंडर तोच. त्याने नवी वही पुढे केली. रुग्णाच्या नावाचा रकाना लाल शाईने आखलेला होता. खाली एकही नाव नव्हतं. फ्रीजमध्ये कुप्या दोन.

"यंदा कोणाला चावलं नाही?"

"तिघांना चावलं."

"मग?"

"इथे कोण येणार, बाई? ती बाई इथे येऊन मेली हे सगळ्या वाड्यांना माहीत आहे. गेले जाणत्याकडे. दोघं वाचले."

मी तिसऱ्याचं विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. वर्षाचा वापर शून्य. साठा नोंदीप्रमाणे बरोबर होता. मी पडताळणीची सही केली, आणि माझ्या लेखापरीक्षकाने शेजारच्या कागदावर पुढच्या वर्षाची सरासरी काढायला घेतली.